खटखटीची अंगाई

“उमा, लेकराला त्या कीबोर्डच्या खटखटीत निजायची सवय लावू नको, मंग पस्तावशील,” सासूबाई म्हणाल्या होत्या. मी हसले. मी घरीच टायपिंगची कामं घ्यायचे. जुन्या कीबोर्डच्या प्रत्येक बटणाखाली वेगळी स्प्रिंग. तिच्या आवाजात बाळ बिलकुल गाढ झोपायचं. मग जालन्याहून नवा आला. सगळ्या बटणांखाली एकच रबरी चादर, आवाजच नाही! बाळानं गल्ली डोक्यावर घेतली. आता कुठेही न जोडलेला जुना कीबोर्ड मांडीवर घेऊन सासूबाई पाळण्यापाशी बसतात.

“कुठं काई उमटंना, मी काय लिहून राह्यले गं?”

“काहीही लिहा आई, फक्त थांबू नका.”

आत्ता खटखट थांबली आहे. मी गेले तर बांगड्यांनी बाळ उठेल. तुम्ही जरा डोकावून बघता का, नक्की झोपलंय कोण?