जोडीचा माणूस

"पळण्यात तू पहिला, नेमबाजीतही पहिला. पण तुला घेता येत नाही," भरतीचा हवालदार म्हणाला.

खुदरला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मग काय, शेवटच्याला घेणार?"

"अरे, लेबनॉनची फौज सगळ्यांची दिसली पाहिजे. एक मुसलमान घेतला की एक ख्रिस्ती घ्यायचा. तुमचे रांगा लावतात, त्यांचे फिरकत नाहीत. एखादा पकडून आण, तुझी जागा उघडेल."

खुदरचं डोकं गरगरलं. देशासाठी छाती पुढे करायला आला होता, आता गिऱ्हाईक शोधायचं होतं. पण घरी बापाची मूत्रपिंडं गेली होती, आणि सैनिकाच्या आईबापावर लष्करी इस्पितळात फुकट उपचार होतात. तो तडक आपल्या गावासमोरच्या टेकडीवरच्या ख्रिस्ती गावात गेला. तिथे त्याचा दोस्त तनूस राहायचा. दोघं दर वर्षी ऑलिव्ह झोडपायला एकत्र जात.

"फौजेत? मी?" तनूसने उशीवरून डोकंही उचललं नाही. "तिथे पहाटे उठवतात!"

त्याची विधवा आई कॉफी ओतता ओतता थांबली. "ने बाबा याला. लोळून लोळून गादीला खड्डा पडलाय." मग तिचा आवाज उतरला. "पण याच्या शेजारीच उभा राहा हं."

"राहीन, मावशी."

खुदरने त्याला टेकडीवर पळवला, शिव्या घातल्या, कधी पाठुंगळी घेऊन घरी पोचवला. तनूस कसाबसा काठावर पास झाला. निवडीच्या दिवशी त्याचं नाव पुकारलं. खुदरच्या जागी मात्र कुण्या बड्या साहेबाचा भाचा जाऊन उभा राहिला.

तेलही गेलं, तूपही गेलं. खुदरला कुणावर चिडावं तेच कळेना. तनूसवर? तो तर ढसाढसा रडत होता.

थंडी पडली, तसा बाप सुजू लागला. एका सकाळी तनूस गणवेशात दारात हजर. त्याने म्हाताऱ्याला गाडीत घातलं आणि खुदरला बजावलं, "तू तोंड उघडायचं नाहीस."

लष्करी इस्पितळाच्या फाटकावर पहारेकऱ्याने तनूसच्या गळ्यातला क्रूस पाहिला. गाडीतून उतरताना म्हातारा "या अल्लाह" म्हणून कण्हला, तेही ऐकलं.

"हा कोण तुझा?"

"बाप," तनूस म्हणाला. त्याने म्हाताऱ्याला चालवायला त्याच्या काखेत हात घातला.

पहारेकरी गोंधळला. दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. मग फाटक उघडत तो तनूसवर खेकसला, "मग बघत काय उभा राहिलास? बापाला असं चालवत नेतात का? उचल!"