धरलेली जागा

कुठंही जायचं असलं की भुजंगराव आधी खिडकीतून टावेल टाकून जागा धरायचे, मग तुळजाबाईला बसवायचे. गाडी हलली की हिचा डोळा लागायचा. रस्ता, स्टॉप, उतरणं, सगळं बघायचं काम मालकांचं.

मालक जाऊन वर्ष झालं. आज ती पहिल्यांदाच एकटी भोकरहून लातूरला निघाली होती, लेकीच्या नव्या घरी. लातूरच्या स्टँडवर विचारत विचारत ती सिटी बसमध्ये चढली. लेकीनं सांगितलेल्या पाण्याच्या टाकीच्या स्टॉपचं तिकीट घेतलं आणि जुन्या सवयीनं पिशवीतला त्यांचा टावेल काढून शेजारच्या सीटवर टाकला.

"मावशी, हितं कुणी येणार हाय का?" एका बाईनं विचारलं.

"हाव, आमचे मालक येऊन राहिलेत."

बोलून गेली आणि तिची तिलाच लाज वाटली. पण टावेल उचलायला हात काही धजेना. आज झोपायचं न्हाई, असं ठरवून ती खिडकीबाहेर बघत राहिली. परक्या गावातले सगळे चौक तिला सारखेच दिसत होते.

सीटच्या दांडीवर टकटक झाली तशी ती दचकून जागी झाली. समोर कंडक्टर उभा होता. तिनं शेजारी चाचपून पाहिलं. टावेल नव्हता.

"टावेल मालक घेऊन गेले की, मावशी. मागच्या स्टॉपला उतरताना मला म्हणले, हिला गाडीत लई झोप लागती, टाकी आली की तेवढं उठवा."