तळातला सप्ताह

"तुमी आमचा देव बुडवला, सायेब. मानसं उठवली ती येगळीच. आता देव पान्याभाईर आलाय, तर त्याच्यापाशी बसायला पुन्हा तुमचीच परवानगी?"

मुक्ताबाई कचेरीच्या दारातूनच बोलली. या, बसा, म्हणायची रीत त्या कचेरीत नव्हती. मागं तिचा दीर रंगनाथ टोपी हातात धरून उभा होता.

साहेबानं फाईल मिटली. "धरणाच्या तळात जमाव करता येत नाही. नियम आहे."

"पानी हाय का त्यात?"

साहेबानं खिडकीतून बाहेर पाहिलं. त्र्याहत्तर सालचा ज्येष्ठ चालू होता. आदलं वर्ष सगळं कोरडं गेलेलं. तळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या आणि चार वर्षांपूर्वी बुडालेलं धामणवाडीचं भैरवनाथाचं देऊळ कळसापासून पायरीपर्यंत उघडं पडलं होतं.

"पावसासाठी बसताय ना?" साहेबाचा आवाज जरा उतरला.

रंगनाथनं वहिनीकडं पाहिलं.

"देवाला मागायला बसतोय," मुक्ताबाई म्हणाली. "सात दिस."

"मग बसा. साऱ्या जिल्ह्याचं भलं होईल." शिक्का पडला.

पुनर्वसन हा शब्द ज्यानं काढला त्यानं धामणवाडीची माणसं एकदा मोजून दाखवावीत. बासष्ट घरं सात ठिकाणी फेकली होती. कुणी काष्टीकडं, कुणी केडगावच्या पलीकडं, कुणी नेवाशाच्या माळावर. काहींना जमीन मिळाली. गाव कुणालाच मिळालं नाही. जातील तिथं ह्यांचं नाव एकच, धरणवाले. तिथल्या सप्ताहात वीणा घेऊन उभं राहायच्या पहाऱ्याच्या यादीत धरणवाल्याचं नाव लागत नसे. मुक्ताबाईचा सासरा गेला तेव्हा तिरडीला चौथा खांदा रस्त्यानं चाललेल्या एका टेम्पोवाल्यानं दिला. त्याला मेलेल्याचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मुक्ताबाईनं ठरवलं, गाव पुन्हा एका जागी बसलं पाहिजे.

निरोप गेले. बासष्टच्या बासष्ट घरं आली. गाभाऱ्यात कंबरभर गाळ होता, तो घमेल्यांनी उपसायला चार दिवस लागले. देवाचा शेंदूर धुऊन गेला होता. त्याच्या पायाशी शिंपले निघाले.

"छगन, तुझं दात कुठं गेलं रं?" चांगुणानं विचारलं.

"धरनात. हुडकतोय त्येच."

"आन तू गं? लई फुगलीस!" चांगुणा शेजारच्या बाईकडं वळली.

"रडून सुजलेय, भवाने. कुनी चौकशी करायला हुतं का तिथं?"

हसता हसता दोघी गळ्यात पडल्या. कुणी सांगितलं नाही, पण सांजेपर्यंत ज्यानं त्यानं आपापल्या पडक्या जोत्यावर चूल मांडली.

सप्ताह उभा राहिला. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, खाली टेकायची नाही. रंगनाथनं पहिला पहारा घेतला. चार वर्षांनी गळ्यात वीणा पडली, ती त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरली.

काठावरच्या गावची लंकाबाई रोज उतरून यायची. तिचे दोन बैल चाऱ्याविना गेले होते. टँकरच्या पाण्यातली आपल्या वाटची घागर ती डोक्यावरून आणायची.

"तुमी समद्यांसाठी बसलाय. यवढं तरी आमी करावं का न्हाई?"

ते पाणी मुक्ताबाईनं देवाला घातलं, पोराबाळांना दिलं. स्वतः ती जुन्या नदीत खणलेल्या झऱ्याचं गढूळ पाणी प्यायची.

"माझ्या हातचं चालत न्हाई व्हय?" लंकाबाईनं टोमणा मारला.

"तसं न्हाई गं. नेम हाय माझा."

पाचव्या दिवशी दुपारी पश्चिमेला आभाळ काळं झालं. लंकाबाई घागर टाकून नाचायलाच लागली. "आला गं बया, आला! भैरवनाथ पावला!"

देवळात कुणी उठलं नाही. टाळ मात्र एकाएकी दुप्पट वाजायला लागले. "जोर धरा!" रंगनाथ ओरडला. त्याची बोटं फुटली होती, वीणेच्या तारेला रक्त लागलं होतं. म्हातारी माणसं बेंबीच्या देठापासून नाम घेत होती.

तासाभरानं वारा सुटला. ढग फाटले, डोंगरापल्याड गेले.

लंकाबाई भेगाळ जमिनीवर बसून रडली. मुक्ताबाई तिच्याजवळ जाऊन बसली. पाठीवर हात ठेवावा म्हणून तिनं उचलला, आणि तसाच मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी लंकाबाईनं घरातली शेवटची पायलीभर ज्वारी काल्याच्या महाप्रसादाला आणून दिली. "देवाला म्हनावं, मी काय बी मागं ठिवलं न्हाई."

मुक्ताबाईनं ज्वारी रांधणाऱ्यांकडं दिली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सात दिवस पुरे झाले. काल्याचं कीर्तन संपलं. हंडीत दह्याऐवजी पातळ ताक होतं, पण बासष्ट घरांनी ते एकमेकांच्या तोंडात घातलं. वीणा देवासमोर टेकवली तेव्हा आभाळ निळंभोर होतं.

साहेबाची जीप धुरळा उडवत तळात उतरली. त्यानं वर पाहिलं, मग मुक्ताबाईकडं.

"झाले सात दिवस, बाई. थेंब नाही. देवानं ऐकलं नाही तुमचं. चला, आता तळ मोकळा करा."

लंकाबाई तोंडाला पदर लावून उभी होती. मुक्ताबाईनं आधी तिच्यासमोर हात जोडले. मग ती साहेबाकडं वळली.

"ऐकलं की, सायेब. सात दिस आमी त्याला येकच मागितलं, पाऊस पाडू नगंस. त्यानं ऐकलं. आता तुमी बोला. आमचं गाव एका जागी कुठं बसवताय? का बसू आनखी सात दिस?"