पटणारा चेहरा

"राहू दे आज. मीच टोचून घेईन," म्हणत इंदूकाकूंनी दंड पदराखाली झाकला.

"तुमच्याच्यानं चहाचा कप धड धरवत नाही, काकू, अन् इन्सुलिन घेणार?" निलोफर रोजच्यासारखं चिडवत म्हणाली. कित्येक वर्षं ती या घरी नर्स म्हणून येत होती.

आज काकू हसल्या नाहीत. त्यांची नजर टीव्हीवर होती. मालिकेतली नर्स म्हातारीच्या दुधात काहीतरी मिसळत होती. चेहरा निलोफरचा होता, आवाजही तिचाच.

पात्रांना प्रेक्षकाच्या ओळखीतले चेहरे लावणाऱ्या या नव्या मालिका तिला माहीत होत्या. पण काकूंचा भाचा, डॉक्टर, दूधवाली, सगळ्यांना सोडून खलनायिका तीच का? तिने रिमोटच्या माइकमध्ये तसं विचारलं. पडद्यावर उत्तर उमटलं: 'या प्रेक्षकाला सर्वांत लवकर पटलेला चेहरा.'

निलोफरने ते दोनदा वाचलं. पण काकूंची साखर साडेतीनशेच्या वर गेली होती. इंजेक्शन टाळून चालणार नव्हतं. तिने टीव्ही बंद केला आणि सिरिंज भरली.

"द्या दंड."

काकू खुर्चीसकट मागे सरकल्या. "कालच्या भागात तिनंही आधी टीव्हीच बंद केला होता."