चिखलाचा कौल

पोटुशी लेक जयूला डोहाळे लागले ते तिसऱ्यांचे, खाडीतल्या शिंपल्यांचे. हौसा भाबल टोपली घेऊन ओहोटीला खाडीत उतरली आणि शिरस्त्याप्रमाणे गाळात रोवलेल्या, चिखल तपासून बोलणाऱ्या यंत्राच्या खांबाला आधी हात लावून कौल मागितला.

“शेवाळाच्या बिया जाग्या होताहेत, हौसाताई,” खांब म्हणाला. “आता तिसऱ्यांत विष भरेल.”

डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या बिया वर्षानुवर्षं गाळात निजून राहतात, याचं हौसाला भारी नवल वाटे. आणि त्यांनी नुसती कूस बदलली तरी खांबाला कळतं, याचं त्याहून जास्त. तिनं खांबाला हात जोडले.

रिकामी टोपली पाहून जयू रुसली. “आई, मूठभर तरी आणायच्यास!”

“माझ्या पाठच्या बाळाच्या वेळी माझ्या आईलाही हेच डोहाळे लागले होते. तिनं खाल्ल्या आणि पोटातल्या बाळासकट गेली,” हौसा म्हणाली. “तेव्हा चिखल मुका होता गो.”