आठवं नाव

"आई, उतरतेस ना? पाथरवट कधीचा येऊन बसलाय." रुपेशने गाडीचं दार उघडून धरलं होतं. "जर्मन माणसाला ताटकळत ठेवायचं म्हणजे…"

"माझे गुडघे जर्मन नाहीत रे," सुलेखाताई म्हणाल्या आणि त्याचा हात धरून उतरल्या.

रुपेशच्या वाल्डॉर्फच्या घरून इथवर येताना एवढंच काय ते त्या बोलल्या होत्या. मार्चचा वारा शाल आणि कोट दोन्हींतून आत शिरत होता. टेकडीच्या पायथ्याशी, नांगरलेल्या शेताच्या कडेला तो दगड उभा होता. युद्धात इथे एक इंग्लिश बाँबफेकी विमान जळत कोसळलं, त्यातल्या सात जणांचा. दगडावर सातांची नावं होती. आज आठवं कोरायचं होतं, सुलेखाताईंच्या वडिलांचं.

गावचा इतिहास सांभाळणारे निवृत्त शिक्षक लोरेन्झ पुढे आले. "फ्राउ दांडेकर! आज शेवटी!" सुलेखाताईंना ते माहेरच्याच आडनावाने हाक मारत. त्यांचा चेहरा लग्नघरातल्या यजमानासारखा फुलला होता.

हा आठवा माणूस त्यांनीच शोधला होता. कोसळलेल्या विमानाजवळ दुसऱ्या दिवशी एक सावळा तरुण उभा राहून रडत होता, असं गावातली म्हातारी माणसं सांगत. विमानात कधीकधी एखादा नवशिका जादा बसवायचे, त्याचं नाव कागदावर राहून गेलं असेल आणि तो हवाई छत्रीने उतरून वाचला असेल, असा लोरेन्झचा कयास होता. मग एका वर्षी सुलेखाताई फुलं घेऊन इथे आल्या. "माझे वडील त्या रात्री इथे होते," एवढंच म्हणाल्या. लोरेन्झनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले होते.

रुपेशला तर सगळं जुळल्यासारखं वाटलं. आजोबा तरुणपणी भिंगं घासायला शिकण्यासाठी जर्मनीत आले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "लढाई पेटली तसे इंग्लंडला निसटले असणार, आणि तिथून विमानदळात," असं तो मित्रांना सांगायचा. आजोबा स्वतः काही बोलत नसत. साताऱ्याला परतून त्यांनी चष्म्याचं दुकान टाकलं, आणि त्या दुकानातच ते म्हातारे झाले. या गावाचं नाव आणि "सात होते" हे दोन शब्द, एवढंच लेकीला मिळालं होतं. बाकीचं अखेरच्या आजारपणात.

सुलेखाताईंना मात्र आठवायची ती टॉर्च. बाबा घरात टॉर्च ठेवू देत नसत. दिवे गेले की सगळी भावंडं परसात चाचपडत जायची. एकदा कुणा पाहुण्याने गंमत म्हणून आपल्या टॉर्चचा झोत आभाळात सोडला. बाबांनी ती त्याच्या हातातून हिसकावली आणि विहिरीत फेकली. मग ओसरीवर बसून राहिले. पाहुणा जेवल्यावाचून गेला.

"साहजिक आहे," रुपेश म्हणायचा. "जीव मुठीत धरून जो अंधारात उतरला, त्याला उजेडाचीच भीती वाटणार."

सुलेखाताई दर वर्षी सांगायचं ठरवून यायच्या आणि दर वर्षी मार्गारेट आडवी यायची.

आताही ती काठी टेकत आलीच. विमानाच्या शेपटाकडच्या तोफेवर तिचे वडील होते. ते गेले तेव्हा ती आईच्या पोटात होती. तिने सुलेखाताईंना मिठी मारली, पर्समधून एक विणलेला मफलर काढून त्यांच्या गळ्यात घातला.

"गेल्या वर्षी तू कुडकुडत होतीस," ती म्हणाली; रुपेश मराठीत सांगत गेला. मग दगडाकडे पाहत, "माझ्याकडे त्यांचा एक फोटो आहे, तोही हललेला. तुझे वडील म्हणजे माझ्या वडिलांना शेवटचं पाहिलेला माणूस. ते नाव इथे आलं की मी सुखाने मरेन."

मफलर उबदार होता. सुलेखाताईंना तो गळ्यात जड झाला.

पाथरवटाने खडूने आठवी ओळ आखली होती : पी. व्ही. दांडेकर. त्याने छिन्नी उचलली.

"थांबव त्याला," सुलेखाताई म्हणाल्या.

"स्पेलिंग चुकलंय का?"

"स्पेलिंग बरोबर आहे. पुसायला सांग."

"आई, अगं, एवढी माणसं जमलीत! लोरेन्झनी किती खटपट केलीय. आणि मार्गारेट…"

"तिच्यासाठीच सांगतेय. मी थकले रे रुपेश. पुढच्या वर्षी येणं होईलसं वाटत नाही. बाबांना मी वचन दिलं होतं, इथे येऊन सांगेन म्हणून. आणि इतकी वर्षं नुसती फुलं ठेवून जातेय."

त्यांनी गळ्यातला मफलर काढला, नीट घडी घातली आणि मार्गारेटच्या हातात ठेवला. मार्गारेट गोंधळून रुपेशकडे बघू लागली. "काय म्हणतेय ती?"

"मी सांगते ते जसंच्या तसं सांग तिला," सुलेखाताई म्हणाल्या. "तुझ्या मनाचं काही घालू नकोस."

पाथरवटाने छिन्नी खाली ठेवली. लोरेन्झनी टोपी काढून हातात धरली.

"सांग, तुझ्या वडिलांना शेवटचं माझ्या बाबांनीच पाहिलं, हे खरं आहे. पण खालून. बाबा इंग्लंडला कधी गेलेच नाहीत. भिंगं कळतात म्हणून जर्मनांनी त्यांना या टेकडीवर बसवलं होतं, आणि विमान तोफांना दिसत राहावं म्हणून त्याच्यावर धरून ठेवलेला सर्चलाइट त्यांच्या हातात होता."