सुखरूप परत
तुर्कस्तानातल्या आमच्या अमेरिकन हवाई तळावर हवामानाची वही विमान उडण्याआधीच भरली जायची. वारा, ढग, तापमान मी मनानेच ठोकून द्यायचो. जगाला हवामानाचा अभ्यास सांगून विमान कॅमेरे लपवून रशियावर जायचं. आज पहाटे वैमानिक क्लेटन हेल्मेट चढवताना म्हणाला, “लेका, थोडे ढग टाक की. रोज निरभ्र लिहिलंस तर आम्ही अभ्यास कशाचा करतो म्हणायचं?” मी ढग टाकले आणि शेवटी सवयीने लिहिलं: दुपारी ४:१० वाजता सुखरूप परत. आता संध्याकाळचे सात वाजले होते. त्याचं इंधन पाचपर्यंतच पुरणार होतं. साहेबांनी वही माझ्यापुढे आपटली. “उद्या पत्रकार हीच मागतील. हवामान बघताना भरकटला, एवढंच दिसलं पाहिजे. शेवटची ओळ खोड.” “साहेब, तासभर थांबू या?” “कशाच्या जोरावर उडतोय तो अजून? खोड!” मी खोडरबर टेकवलं. पानभर थापा होत्या. खरी व्हावी अशी एकच ओळ होती.